बीटा-ग्लुकनची मात्राही सांगा

‘ओटमधील बीटा-ग्लुकन कोलेस्टेरॉल घटवते’ हा आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. बीटा-ग्लुकन म्हणजे ओटमधील एक विरघळणारा तंतू (फायबर). मुद्दा खरा आहे, पण मात्रेचा उल्लेखच नाही. परिणामासाठी रोज किमान ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जावे लागते. ओटमध्ये ते साधारण ४ टक्के असते, म्हणजे रोज सुमारे ७५ ग्रॅम कोरडे ओट हवेत. मूठभरही ओट नसलेल्या बिस्किटांतून ते कसे मिळणार?

शिवाय हा तंतू आतड्यात दाट, बुळबुळीत होतो म्हणूनच पित्ताम्ले (यकृतात कोलेस्टेरॉलपासून बनणारी, चरबी पचवायला मदत करणारी आम्ले) त्यात अडकून बाहेर पडतात आणि नवी बनवण्यासाठी यकृत कोलेस्टेरॉल खर्च करते. पावाचे पीठ आंबवताना मात्र त्यातील विकरे (एन्झाइम) तंतूची लांब साखळी तोडतात. ग्रॅम तेवढेच राहतात, दाटपणा जातो. वेष्टनावर निदान दर वाढणीतील बीटा-ग्लुकन ग्रॅममध्ये छापणे सक्तीचे करावे.