हार्डविकची काच पाहताना आतल्या भिंतीही पाहा

मा. संपादक,

इंग्लंडमधील जुन्या हवेल्यांवरचा पुरवणीतील लेख वाचला. डर्बीशायरच्या हार्डविक हॉलची ओळख त्यात ‘भिंतीपेक्षा काच जास्त’ या उक्तीपाशीच थांबते. काच तेव्हा महाग होती आणि ही हवेली बांधून घेणारी उमराव स्त्री बेस ऑफ हार्डविक गडगंज होती, हे खरेच. पण इतकी पोखरलेली भिंत चारशे वर्षांहून अधिक काळ उभी कशी, हे यायला हवे होते.

1590 ते 1597 या काळात बांधलेल्या या घराचा आराखडा वास्तुरचनाकार रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. त्याने धुराडी बाहेरच्या भिंतींतून काढून भार पेलणाऱ्या आतल्या जाड भिंतींत घेतली आणि दर्शनी भिंत खिडक्यांसाठी मोकळी केली. मुख्य दालनही दर्शनी बाजूला समांतर न ठेवता समोरून थेट मागे नेले. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हे नवेच होते. मानाची दालने सर्वांत वरच्या मजल्यावर, म्हणून खिडक्याही वर जाताना उंच होत जातात. तिथली लांब गॅलरी सुमारे 51 मीटरची आहे.

या काचेची किंमत मात्र आतल्या कापडाला मोजावी लागते. गॅलरीतल्या, बायबलमधील गिडियनच्या कथेच्या 13 विणलेल्या भिंतपडद्यांची दुरुस्ती 24 वर्षे चालून 2023 मध्ये संपली. प्रकाशाने झालेली झीज साचत जाते, भरून येत नाही. त्यामुळे अशा कापडावर साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत. काचेला अतिनील किरण अडवणारा पापुद्रा लावतात, पडदे ओढतात. आत अंधार वाटला तर तो हलगर्जीपणा समजू नये.

दुसरे दुखणे शिशाचे. अशा खिडक्यांत लहान काचा शिशाच्या खाचपट्ट्यांत बसवून ते तावदान तांब्याच्या तारेने आडव्या लोखंडी गजाला बांधतात. उन्हाने शिसे प्रसरण पावते, थकते. तार तुटली की तावदानाला पोट सुटते आणि पाणी झिरपते. गज गंजून फुगला की दगडाचा कोपराच उडतो. अशा वेळी तावदान उतरवून नव्या शिशात बसवावे लागते. दगडाच्या दरजा चुन्यानेच भराव्यात. सिमेंट वालुकाश्मापेक्षा कठीण; ओल बाहेर पडू देत नाही आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

तिथे जाणाऱ्यांनी एखाद्या खिडकीशी उभे राहून काचेकडे तिरके पाहावे. पोट सुटले असेल तर लगेच दिसते.

– जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करणारे दोन वाचक, पुणे