कॉलेजच्या ॲपचे बिल मंजूर करण्याआधी ते दिव्यांग विद्यार्थ्याला वापरून पाहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांचे प्रवेश आटोपत आले आहेत. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या पाच टक्के राखीव जागा, रॅम्प, लिफ्ट यांवर या दिवसांत थोडेफार बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. पण आता कॉलेजचा निम्मा कारभार मोबाइलवर गेला आहे. प्रवेश अर्ज, परीक्षा अर्ज, हजेरी, नोट्स, शिष्यवृत्ती, निकाल, सगळे तिथेच. या कारभाराला रॅम्प आहे का, हे कोणी पाहत नाही. मी ग्रामीण भागातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. कला शाखेत दृष्टिहीन मुले येतातच, त्यामुळे त्यांची अडचण जवळून पाहायला मिळते. म्हणून हे पत्र.

अंध मुले मोबाइल कसा वापरतात हे अनेकांनी पाहिलेले नसते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक ही सोय मुळातच असते. बोट पडद्यावर जिथे फिरेल तिथे काय आहे ते फोन बोलून सांगतो आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडते. संगणकावर हेच काम एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर करतो, आणि तो मराठीही वाचतो. सरावलेली मुले आवाजाचा वेग इतका वाढवून ठेवतात की शेजारी बसलेल्या आपल्याला एक शब्द कळत नाही. गप्पा, बातम्या, पैशांची देवाणघेवाण सगळे ती स्वतः करतात. अडते ते कॉलेजच्या कामात.

माझ्या वर्गातला एक विद्यार्थी परीक्षेचा अर्ज भरत होता तेव्हा मी शेजारी बसलो होतो. फोन म्हणत होता, ‘‘बटण. बटण. बटण.’’ तीन बटणे आणि एकालाही नाव नाही. ‘पुढे जा’ कोणते आणि ‘रद्द करा’ कोणते, हे कळायला मार्गच नव्हता. विषयांची यादी उघडली, पण आतले पर्याय फोनने वाचलेच नाहीत. ते मी वाचून दाखवले. शेवटी चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायचा कॅप्चा आला. तो ऐकून सोडवायची सोय नव्हती. तिथे काम थांबले आणि तो दर सत्राला करतो तेच त्याने केले, नेट कॅफेत जाऊन अर्ज भरून घेतला. म्हणजे पासवर्ड, आधार क्रमांक, मोबाइलवर आलेला ओटीपी, सगळे परक्या माणसाच्या हवाली. स्वतःचा फोन सराईतपणे वापरणाऱ्या तरुण मुलावर आपण ही पाळी आणतो, याचा मला राग येतो. बटणाला नाव देणे हे प्रोग्रामरचे एका ओळीचे काम आहे हो!

दुसरी अडचण तर आपण कॉलेजातली माणसेच रोज तयार करतो. सूचना संगणकावर टाइप होते, तिची प्रिंट निघते, सही-शिक्का होतो आणि मग त्या कागदाचा फोटो किंवा स्कॅन केलेली पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर पडते. आपल्याला त्यात अक्षरे दिसतात. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ते नुसते चित्र असते, वाचायला आत एक अक्षरही नसते. जुन्या फाँटचा प्रकार याहून वाईट. अनेक कार्यालयांत अजून कृतिदेव किंवा तसल्याच बिगर-युनिकोड फाँटमध्ये टाइप करतात. पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे, आणि स्क्रीन रीडर इमानेइतबारे तीच वाचत सुटतो. परीक्षेचे वेळापत्रक अशा रीतीने ऐकणाऱ्या मुलाच्या हाती काय लागत असेल? यावरच्या उपायाला एक रुपयाही लागत नाही. युनिकोडमध्ये टाइप करावे, सहीची प्रत दप्तरी ठेवावी आणि मूळ मजकूर ग्रुपवर पाठवावा.

हा प्रश्न केवळ दृष्टिहीनांचा नाही. हजेरीच्या ॲपला चेहरा नेमका चौकटीत लागतो आणि अंगठ्याच्या यंत्राला धड अंगठा लागतो. रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांना सबटायटल्स नसतात, मग कर्णबधिर विद्यार्थ्याने फक्त शिक्षकाचे हातवारे पाहत बसायचे. लेखी परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ देण्याची केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचना आहे. पण ऑनलाइन चाचणीचे घड्याळ लावताना ही सूचना कोणाच्या लक्षात राहत नाही.

कायदा काय म्हणतो, हे संस्थाचालकांना ठाऊक असायला हवे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. त्याच्या कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी इमारत, परिसर आणि सुविधा सुगम्य ठेवायच्या आहेत, तर कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाबद्दल आहे. २०१७ च्या नियमांत तर संकेतस्थळावरचे दस्तऐवज ईपब (ई-पुस्तकाचे स्वरूप) किंवा ओसीआर केलेल्या, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून वाचण्याजोगा मजकूर केलेल्या, पीडीएफ स्वरूपात असावेत, असे स्पष्ट लिहिले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच २०१७ च्या नियमांतला नियम १५(१) रद्द ठरवला. कारण त्यातले निकष शिफारशीपुरते उरत होते आणि कायद्याला बंधनकारक निकष अपेक्षित आहेत. सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत करावेत, असा आदेश न्यायालयाने केंद्राला दिला. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी ई-केवायसीच्या (ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवण्याच्या) प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले. परीक्षेचा अर्ज याच्या बाहेर कसा राहील?

तरीही गाडे अडते, आणि माझ्या मते ते खरेदीच्या टेबलावर अडते. मी खरेदी समितीच्या बैठकांना बसलेलो आहे. आपण तीन कोटेशन मागवतो, दर पाहतो, वॉरंटी विचारतो. स्क्रीन रीडरवर हे चालते का, माउसशिवाय नुसत्या कीबोर्डवर वापरता येते का, हे विचारलेले मी ऐकले नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या सातव्या निकषात दिव्यांगस्नेही संकेतस्थळ आणि स्क्रीन रीडिंग सॉफ्टवेअर यांचा उल्लेख आहे, म्हणून ग्रंथालयातल्या एका संगणकावर एनव्हीडीए टाकला जातो. तो टाकून ठेवावा, पण अर्ज भरायची प्रणालीच त्याच्याशी बोलत नसेल तर त्या संगणकासमोर बसून मुलाने करायचे काय?

माझी सूचना सरळ आहे. विद्यापीठे आणि महाविद्यालये यांनी कोणतेही सॉफ्टवेअर, ॲप किंवा संकेतस्थळ घेताना भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानक करारात अट म्हणून घालावे. हे मानक याच विषयासाठी आहे. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी दृष्टिहीन, कर्णबधिर आणि हातांच्या हालचालीला मर्यादा असलेल्या विद्यार्थ्यांनी ती प्रणाली कोणाच्याही मदतीशिवाय पहिल्या पानापासून पावतीपर्यंत वापरून पाहावी. जिथे ते अडतील ते दुरुस्त होईपर्यंत बिल थांबवावे. या मुलांना त्या कामाचे मानधन मिळायला हवे. कर्मवीरांच्या महाराष्ट्रात ‘कमवा व शिका’ योजना आहेच. बागेत नाहीतर कार्यालयात काम करणाऱ्या मुलाला त्या योजनेत तासाप्रमाणे पैसे मिळतात, तसे या तपासणीलाही द्यावेत. कंपनीच्या माणसाला लागणार नाहीत अशा चुका ही मुले बसल्या बसल्या काढून देतील.

‘आमच्याकडे अशी दोनच मुले आहेत’ हे उत्तर मी बरेचदा ऐकले आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद होती. बारावीनंतर थांबलेली मुले आपल्या पटावर दिसत नाहीत, म्हणून आकडा दोन दिसतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र संसाधन केंद्र चालते. प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजला तेवढे जमणार नाही, हे मान्य. पण वरची अट करारात घालायला वेगळे केंद्र लागत नाही.

शिक्षकबंधूंनाही एक विनंती. फळ्यावर किंवा स्मार्ट बोर्डवर आकृती काढताना ‘हा इथून असा खाली येतो’ असे आपण सहज बोलून जातो. त्याऐवजी ‘मागणी वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो, उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर नग’ एवढे म्हटले की न पाहणाऱ्या मुलालाही आकृती मिळते. माझा अनुभव असा की, यामुळे डोळस मुलांच्या वह्याही सुधारतात. स्लाइड्स तासाच्या आदल्या दिवशी पाठवल्या तर आणखी बरे.

हिवाळी सत्राचे परीक्षा अर्ज आता काही आठवड्यांत सुरू होतील. राज्यातल्या विद्यापीठांच्या परीक्षा विभागांनी त्याआधी आपापल्या क्षेत्रातल्या चार-पाच दृष्टिहीन विद्यार्थ्यांना बोलावून हा एक अर्ज त्यांच्याकडून भरून पाहावा, बटणांना नावे द्यावीत आणि कॅप्चाला ऐकण्याचा किंवा ओटीपीचा पर्याय ठेवावा. उच्च शिक्षण संचालनालयाने तसे परिपत्रक काढावे, आणि ते परिपत्रक स्कॅन न करता युनिकोडमध्ये पाठवावे.

आपला,
अर्थशास्त्राचा एक प्राध्यापक,
जि. सातारा