चिमणीची चोच

नाशिक,
२८ फेब्रुवारी

प्रिय मित्रा,

काल २७ तारीख, तात्यासाहेब शिरवाडकरांचा जन्मदिवस. मराठी भाषा गौरव दिनाला आमच्या सातपूरच्या मुलांनी संगीत बालनाटक केलं, आणि तू नव्हतास! रात्री झोपच लागेना, म्हणून उठल्या उठल्या हे पत्र.

आमच्याकडे निम्मी मुलं सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या घरांतली. घरी भोजपुरी, गल्लीत हिंदी, मराठी फक्त वर्गात. सहावीतली एक मुलगी जूनपासून गप्पच. एकदा धीर करून ‘पाखरू आला’ म्हणाली, पोरं हसली, तिने पुन्हा ओठ मिटले. तिचं काय चुकलं रे? तिच्या भाषेत नपुंसकलिंगच नाही, मग ‘आलं’ आणायचं कुठून? फळ्यावर तक्ते काढून मी थकलो.

तिला चिमणीचं काम दिलं. पद मीच रचलं: ‘पाखरू आलं, पावसात न्हालं, उडून गेलं.’ इथे ‘आला’ म्हटलं की यमकच मोडतं, तिचं तिलाच खटकतं. तसंच ‘चिमणीची चोच’. चिमणीतला च टाळूचा, चोचीतला दातांचा. लिहायला अक्षर एकच, त्यामुळे हा फरक कानानेच घ्यावा लागतो. ढोलकीवर आधी सावकाश, मग दुगणीत. वर्गात वीसदा म्हणायला लावलं असतं तर ती शिक्षा झाली असती. तालमीत तीच म्हणायची, ‘सर, एक बार और!’

नुसतं गाणं मात्र पुरत नाही, हे मला आता पक्कं वाटतं. एका मुलाने ‘पागोळ्या’ शब्दासकट अख्खं पद सुरात म्हटलं, अर्थ विचारला तर गप्प. मग प्रवेशात त्याला वळचणीखाली उभं करून ओंजळ धरायला लावली. त्यानंतर विचारावं लागलं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’ नाटकापासून आपल्याकडे गद्यातून पद उमलत आलंय, मुलांना तोच शब्द आधी संवादात, मग चालीत, आणि दोन्हीकडे हावभावासकट भेटतो.

आता कालचं. ऐन प्रयोगात ढग झालेला मुलगा वाक्य विसरला. विंगेत माझ्या पोटात गोळा! तेवढ्यात आमची चिमणी पुढे सरली नि खणखणीत म्हणाली, ‘अरे ढगा, बोल ना! माझं पिल्लू भिजलं!’

हे वाक्य संहितेत नव्हतं, मित्रा. तिचं होतं.

एप्रिलमध्ये पुन्हा प्रयोग आहे, नक्की ये. काकूंना नमस्कार.

तुझाच,
नाशिककर