संघांची नावे नोंदीप्रमाणेच छापावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडापानावर मागे एकाच दिवशी एकाच बॅडमिंटनपटूच्या नावापुढे बातमीत ‘तैवान’ आणि शेजारच्या निकालपत्रकात ‘चायनीज तैपेई’ असे छापून आले होते. त्या संध्याकाळी आमच्या वाचनालयात सातवीतला एक मुलगा शाळेचा नकाशासंग्रह उघडून माझ्याजवळ आला आणि आशियाच्या पानावर बोट फिरवत म्हणाला, “सर, ह्यो देश कुठंच सापडंना.”

तो सापडणार नव्हताच, कारण ‘चायनीज तैपेई’ हे देशाचे नाव नसून तैवानच्या ऑलिम्पिक समितीचे नाव आहे. चीनबरोबरच्या वादामुळे १९८१ साली लोझान येथे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीशी जो करार झाला, त्यानुसार तैवानच्या खेळाडूंनी हे नाव आणि एक वेगळा ध्वज स्वीकारला. त्यामुळे सुवर्णपदक जिंकले तरी त्यांचा राष्ट्रध्वज वर चढत नाही. ‘तैवान’ या नावाने खेळावे का, यावर तेथे २०१८ साली सार्वमतही झाले आणि तो प्रस्ताव फेटाळला गेला, कारण नावाच्या आग्रहापायी खेळायलाच मिळणार नाही, अशी धास्ती खेळाडूंना होती. टोकियोत आपल्या सिंधूला उपांत्य फेरीत हरवणारी ताई त्झू-यिंग याच संघाची. एवढा इतिहास ज्या नावामागे आहे, ते नाव सोयीप्रमाणे बदलून छापणे मला योग्य वाटत नाही.

ऑलिम्पिकमध्ये उतरणाऱ्या संघाचे नाव त्या देशाच्या सरकारने ठरवले की काम झाले, असे नसते. ऑलिम्पिक सनदेनुसार राष्ट्रीय समितीचे नाव त्या देशाच्या भौगोलिक व्याप्तीला व परंपरेला धरून असावे लागते आणि त्याला आंतरराष्ट्रीय समितीची मान्यता लागते. मान्यता गेली की नावही जाते, हे आपणही अनुभवले आहे. आपली ऑलिम्पिक संघटना निलंबित असल्यामुळे फेब्रुवारी २०१४ मध्ये रशियातील सोचीच्या हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटन संचलनात ल्यूज या बर्फावरील घसरगाडीच्या शर्यतीतला खेळाडू शिव केशवन आणि त्याचे दोन सहकारी तिरंग्याविना, ऑलिम्पिकच्या ध्वजाखाली चालले. निलंबन स्पर्धा चालू असतानाच उठले, तरी ते दृश्य आठवले की आजही जीव तुटतो.

अशीच गल्लत ‘इंग्लंड’ या नावाची होते. टेनिसपटू अँडी मरे स्कॉटलंडचा. त्याची २०१२ आणि २०१६ ची ऑलिम्पिक सुवर्णपदके ग्रेट ब्रिटनची आहेत, इंग्लंडची नव्हेत. राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र इंग्लंड आणि स्कॉटलंड वेगवेगळे उतरतात. आमच्या बीड जिल्ह्याच्या अविनाश साबळेने ज्या बर्मिंगहॅममध्ये २०२२ साली स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळवले, त्याच स्पर्धेत महिला क्रिकेटमध्ये भारतासमोर वेस्ट इंडीज नव्हे, तर बार्बाडोस हा संघ होता. वेस्ट इंडीज हा अनेक बेटांचा मिळून क्रिकेटपुरता संघ आहे. ख्रिस गेल आणि उसेन बोल्ट दोघेही जमैकाचे, पण एक वेस्ट इंडीजकडून खेळला आणि दुसरा जमैकाकडून धावला.

हे आताच लिहिण्याचे कारण असे की २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट परत येत आहे. वेस्ट इंडीज नावाची ऑलिम्पिक समिती नाही आणि इंग्लंडचीही नाही, त्यामुळे आमची मुले ही ओळखीची नावे गुणतक्त्यात शोधत बसतील. १९०० साली पॅरिसमध्ये ऑलिम्पिकचा एकमेव क्रिकेट सामना झाला, त्यातही फ्रान्सला हरवणारा संघ ग्रेट ब्रिटनच्याच नावावर नोंदलेला आहे.

म्हणून विनंती आहे की, बातमी, मथळा आणि निकालपत्रक या तिन्ही ठिकाणी स्पर्धेच्या नोंदीत असलेले एकच नाव वापरावे आणि मोठ्या स्पर्धेच्या पहिल्या दिवशी अशा नावांचा खुलासा करणारी छोटी चौकट द्यावी. खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांत मुले आपले क्रीडापान कात्रणे काढून जपून ठेवतात.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, अंबाजोगाई (जि. बीड)