छोट्या रेल्वेला 160 सेंमी फळी पुरते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात मांडायच्या छोट्या, खेळण्यातल्या रेल्वेवर वर्तमानपत्रात काही छापून येते तेव्हा सोबतचा फोटो बहुधा हॅम्बुर्गच्या मिनिआटूर वुंडरलँडचा असतो. 2001 साली सुरू झालेले ते प्रदर्शन थक्क करणारेच आहे. पण पंधरा किलोमीटरहून जास्त रूळ पाहिले की वाचक मनात म्हणतो, हे आपले काम नव्हे. फार तर खोक्यात मिळणारा गोल रुळांचा संच घरी येतो, गाडी गरगर फिरते आणि आठवड्याभरात माळ्यावर जाते. नुसत्या गोल फिरणाऱ्या गाडीला काही काम नसते, मग चालवणाऱ्याला तरी काय असणार?

गाडीला काम हवे असेल तर ‘इंगलनूक’ मांडावे. ब्रिटनच्या ॲलन राइट यांचा हा शंटिंगचा, म्हणजे वाघिणी पुढे-मागे करून हव्या क्रमाने लावण्याचा डाव. दोन सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे), तीन सायडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे फाटे), एक इंजिन, आठ वाघिणी, एवढेच साहित्य. लांब सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, बाकी दोहोंत तीन-तीन, आणि सांध्यांच्या अलीकडच्या रुळावर इंजिन अधिक तीन. आठ वाघिणींच्या आठ चिठ्ठ्या करून त्यांतल्या पाच काढायच्या आणि ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने त्या वाघिणी लांब सायडिंगला लावायच्या. असे 6,720 क्रम होतात. मापे मात्र काटेकोर ठेवावीत, कारण कुठे एका वाघिणीची जास्त जागा सुटली तरी डाव मिळमिळीत होतो.

एचओ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या 1:87 आकाराला, चारचाकी वाघीण बफरसकट साधारण 12 सेंमी भरते. सायडिंगला 60, दोन सांध्यांना 40, इंजिनाच्या बाजूला 50 आणि टोकांना थोडी मोकळी जागा असे धरले, तर 160 सेंमी लांब आणि 30 सेंमी रुंद फळी पुरते. 1:160 च्या एन मापात तीच 90 सेंमीच्या आत बसते. प्लायवूड 9 मिमीचे घ्यावे आणि खाली दर 40 सेंमीवर 5 सेंमी उंचीची आडवी पट्टी मारावी. पट्ट्या नसतील तर फळीला बाक येतो आणि सोडून दिलेली वाघीण आपोआप घरंगळते.

खरी मजा वेगात नाही, सावकाश चालवण्यात आहे. एचओची गाडी सेकंदाला एक मीटर धावली, तर खऱ्या हिशोबात तिचा वेग ताशी 313 किमी होतो! शंटिंगचा ताशी 10 किमी वेग म्हणजे सेकंदाला जेमतेम 3 सेंमी. या चालीने एक वाघीण डोळ्यांसमोरून जायला चार सेकंद लागतात, प्रत्येक चाक रूळजोडावरून उतरताना दिसते आणि टक् असा आवाज ऐकू येतो. पण हीच चाल फळीवरचे सगळे दोष उघडे पाडते. इंजिनाला वीज रुळांतून चाकांवाटे मिळते; भरधाव इंजिन वीज न मिळणारा तुकडा नुसत्या झोकात ओलांडते, सावकाश चालणारे तिथेच थबकते.

हा मेलेला तुकडा बहुतेक वेळा सांध्याच्या फ्रॉगवर, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागी असतो. प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर चारचाकी इंजिनाचे त्या बाजूचे एक चाक आले की वीज घ्यायला त्या बाजूला एकच चाक उरते, आणि त्याखाली धुळीचा कण असला की संपले. म्हणून धातूचा फ्रॉग असलेला सांधा घ्यावा आणि सांध्याची पाती (गाडी वळवणारे हलते रूळ) सरकवणाऱ्या दांडीला छोटा स्विच जोडून फ्रॉगची वीज त्याच्याकडून बदलून घ्यावी. फ्रॉगपासून पुढे जाणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे जोड लावायला विसरू नये. ते राहिले, तर सांधा बदलताच शॉर्ट सर्किट होऊ शकते.

रूळजोडाच्या धातूच्या पट्ट्यांवर विजेसाठी विसंबू नये. काही महिन्यांत त्या काळवंडतात किंवा सैल पडतात. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार द्यावी. सोल्डर करताना रुळाची बाहेरची बाजू खरवडून घ्यावी, रूळ आणि तार दोन्हींना आधी सोल्डरचा थर द्यावा, दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओला कापूस ठेवावा आणि सोल्डरिंगची तापलेली कांडी दोन-तीन सेकंदांत उचलावी. जास्त वेळ टेकवली तर प्लॅस्टिकचा स्लीपर मऊ पडतो, दोन रुळांमधले 16.5 मिमीचे अंतर (गेज) तिथे कमी-जास्त होते आणि पुढे कित्येक दिवस गाडी त्याच जागी का घसरते याचा शोध चालू राहतो.

घसरण्याबाबत एक आडाखा सहसा चुकत नाही. एकच वाघीण सगळीकडे घसरत असेल, तर दोष तिच्या चाकांत. सगळ्याच वाघिणी एका जागी घसरत असतील, तर दोष रुळात. चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर एचओत सुमारे 14.4 मिमी हवे, व्हर्नियर लावून पाहावे. वजनही तपासावे. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीप्रमाणे 12 सेंमीच्या वाघिणीला साधारण 95 ग्रॅम येतात. तेवढे नाही भरले तरी आठही वाघिणी सारख्या वजनाच्या असाव्यात. मागून ढकलताना हलकीच आधी उचलली जाते.

खडी टाकण्याची घाई करू नये. महिनाभर उघड्या रुळांवर गाडी चालवून सगळे दोष काढावेत, मग खडी. कोरडी खडी मऊ ब्रशने पसरून स्लीपरच्या माथ्यावरचे कण झटकावेत, पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बारीक फवारा मारावा आणि मग पांढरा गोंद व पाणी समप्रमाणात, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, असे मिश्रण ड्रॉपरने सोडावे. फवारा न मारता गोंद सोडला तर त्याचे मणी होतात आणि खडीचे गोळे. सांध्याच्या हलत्या दांडीखाली खडी टाकूच नये; तिथे तेलाचा एक थेंब द्यावा आणि गोंद वाळेपर्यंत पाती अधूनमधून हलवत राहावे.

रूळ काळे पडले की काहीजण सँडपेपर घेतात. तो नको, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी साचतो. आयसोप्रोपिलने भिजवलेला कपडा पुरतो. चाकांसाठी तोच द्रव लावलेला टिश्यू रुळांवर आडवा ठेवावा, इंजिनाची अर्धी चाके त्यावर आणि अर्धी उघड्या रुळावर ठेवून वीज सोडावी. टिश्यूवर काळ्या रेघा उमटतात. त्या उमटेनाशा झाल्या की इंजिन उलटे फिरवून उरलेली चाके पुसावीत.

पुढच्या वेळी या छंदावर छापाल तेव्हा एक फोटो कुणाच्या तरी फळीच्या खालच्या बाजूचाही छापावा. लाल-काळ्या तारा आणि त्यांवर चिकटवलेल्या नावांच्या चिठ्ठ्या दिसतील असा.

– एक वाचक