रायटर आहे, पण लिहीत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय: तुमचा यूएसबी डीव्हीडी रायटर आणि तीनदा ‘सोडवलेली’ माझी तक्रार

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनवर 38 मिनिटं संगीत ऐकलं आणि फोन कट झाला. दहा मिनिटांनी मेसेज आला की तक्रार सोडवली आहे, पाचपैकी किती तारे द्याल? म्हणून हे पत्र. मराठीत, कारण तुमचं कार्यालय पुण्यात आहे आणि हिंदीत दोन महिने सांगून झालं.

वस्तू तुमचीच, तेव्हा लक्षात येईलच. रायटर सीडी वाचतो, डीव्हीडी वाचतो, सीडी बर्नही करतो, म्हणजे तिच्यावर लिहितोही. पहिल्या आठवड्यात दोन डीव्हीडी नीट बर्न केल्या. तेव्हापासून कोरी डीव्हीडी घातली की लगेच ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’, नाहीतर दोन-तीन टक्क्यांवर गाडी थांबते. ती डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की मधल्या भोकाजवळ दोऱ्याएवढं गडद वर्तुळ दिसतं. तेवढंच काय ते लिहिलेलं. अशा 19 डिस्क वाया गेल्या. त्यातल्या चार शेजारच्या वहिनींनी कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगल्या आहेत, त्यांचा तरी उपयोग झाला.

काय काय करून पाहिलं तेही सांगते, म्हणजे तुमच्या माणसांनी परत तेच सांगायला नको. दुसरं पोर्ट. भाच्याचा डेस्कटॉप. एकदम दोन पोर्टांतून वीज घेणारी दोन पिनांची केबल, कारण यूएसबी 2.0 चं पोर्ट 500 मिलिअँपियर देतं आणि बर्न करताना लेझर आणि मोटर दोघांची भूक वाढते. मग स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. प्लस आर, मायनस आर या दोन्ही प्रकारच्या कोऱ्या डीव्हीडी, त्याही दोन कंपन्यांच्या. वेग 8 वरून 4 वर. दोन वेगळे प्रोग्रॅम. फरक शून्य.

मी 31 वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं. सीडीला 780 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर लागतो, डीव्हीडीला 650 चा लाल. वाचायला थोडी ताकद पुरते. लिहायचं म्हणजे डिस्कमधला रंगाचा थर भाजायचा, त्याला कितीतरी जास्त लागते. किती, ते ड्राइव्ह आधी डिस्कच्या आतल्या कडेला चाचणी घेऊन ठरवतो, हेच ते पॉवर कॅलिब्रेशन. नेमका तिथेच अडतोय. माझ्या मते लाल लेझर कमजोर झाला आहे. मी चुकत असेन तर दाखवून द्या, ऐकून घेईन.

आता 14 तारखेचा फोन. हे सगळं मी सांगत होते तेव्हा पलीकडून की-बोर्डचा आवाज येत होता. मला वाटलं, मुलगा लिहून घेतोय. मी थांबले. तो म्हणाला, ‘मैडम, डिस्क का चमकीला हिस्सा नीचे रखा है ना?’ म्हटलं, हो. ‘एक बार चेक कर लीजिए.’ मी ट्रे उघडला. हो, खरंच उघडला, चष्मा लावून पाहिलं आणि सांगितलं की खालीच आहे. पाच-सात सेकंद शांतता. मग, ‘आंटीजी, घर में कोई लड़का है? उससे बात करवा दीजिए.’

मॅडमची आंटीजी मी नेमकी कधी झाले, ते तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये सापडेल. मी विचारलं, लड़का क्या करेगा? ‘वो समझ जाएगा, टेक्निकल है.’ लड़का आहे. 34 वर्षांचा आहे, बँकेत आहे आणि त्याचा प्रिंटर अडला की तो मला फोन करतो. हे त्या मुलाला तेव्हाच सुनवायला हवं होतं. मी नुसतं 650 नॅनोमीटर पुन्हा म्हटलं. त्यावर, ‘हाँ जी, ड्राइवर अपडेट कर लीजिए.’ अहो, या ड्राइव्हला विंडोज स्वतःचाच ड्राइव्हर लावते आणि तुमच्या वेबसाइटवर या मॉडेलचं पानसुद्धा नाही. अपडेट आणू कुठून, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत मिळतो का?

जेल रोडच्या दुकानदाराने तुमच्या सर्व्हिस सेंटरला पाठवलं. तिथे सिनेमाची डीव्हीडी घातली, गाणं वाजलं, जॉबशीटवर शिक्का: ‘चेक्ड, वर्किंग ओके’. म्हटलं, बर्न करून बघा. त्यांच्याकडे कोरी डिस्क नव्हती. मी पर्समधून काढून दिली, तर लंच टाइम झाला. वाचतो हे मीच सांगितलं होतं! लिहीत नाही ही तक्रार होती, आणि ती अशी तीनदा सोडवली गेली.

पेन ड्राइव्ह घ्या, असं कृपया कुणी सुचवू नये. 1993 च्या गणेशोत्सवात आम्ही रामबागेत नाटक केलं होतं, त्याची व्हीएचएस कॅसेट मी कॉम्प्युटरवर घेतली. दोन तासांचं नाटक 700 एमबीच्या सीडीत धड बसत नाही. आणि देवासला मामांच्या टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेयर आहे, त्याला यूएसबी नाही. मामा त्या नाटकात होते. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला ही डिस्क द्यायची होती. कार्यक्रम 9 तारखेला झाला. मी शाल दिली.

वॉरंटी एक वर्षाची आहे, बिलाची प्रत जोडली आहे. 15 दिवसांत ड्राइव्ह बदलून द्या किंवा पैसे परत करा. नाहीतर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर फोन, मग इंदूरचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. मी निवृत्त आहे, वेळच वेळ आहे. 2004 साली शाळेच्या लॅबसाठी तुमचाच सीडी रायटर मी निवडला होता. अकरा वर्षं चालला. त्याच भरवशावर हा घेतला, दुकानदार दुसरा दाखवत असताना.

वाया गेलेल्या डिस्कचे पैसे मागत नाही. चार टांगलेल्या आहेत, उरलेल्या 15 सोबत पाठवते आहे. तुमच्या तंत्रज्ञांनी त्या एकेक करून ट्यूबलाइटखाली धरून पाहाव्यात. चमकणारी बाजू या वेळी वर.

एक निवृत्त शिक्षिका,
रामबाग, इंदूर