सूचना: रविवारच्या वाचनासाठी प्रकरण पाठवताना
सभासदांनो, किशोरवयीन नायिकेला आपल्यातली जादू पहिल्यांदा कळते, ते प्रकरण शुक्रवार रात्रीपर्यंत पाठवा. दोन हजार शब्द पुरेत.

त्याआधी जादूची किंमत तपासा. मंत्र म्हटला आणि दार उघडलं, एवढ्यावरच प्रसंग संपला तर पुढच्या प्रत्येक संकटात वाचक विचारणार, ‘मग आता का नाही म्हणत मंत्र?’ म्हणून पहिल्याच वेळी तिचं काहीतरी जाऊ द्या: बोटं तासभर बधिर होतील, किंवा आईचा आवाज आठवेनासा होईल. ही किंमत मधेच विसरू नका. नियम एखाद्या म्हाताऱ्या गुरूच्या तोंडून पानभर वदवू नका, तिच्या चुकीतून कळू द्या. नायिका पंधराची असेल तर निवेदनही पंधराचंच हवं. प्रथमपुरुषी लेखनात हे हमखास निसटतं.